काविळीचें औषध आणि त्याची परीक्षा

श्रोतेहो, गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वींची आहे. सांताक्रूझच्या ज्या शाळेंत मी शिकवीत असें, तेथें सातवीच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. पावसाळ्यांत एके दिवशीं तो वर्गांत आला तो हळदीसारखे पिवळे डोळे घेऊन. त्याला लागलीच घरीं पाठविलें. तीन-चार आठवड्यांनीं तो परत आला, तेव्हां त्याच्या गळ्यांत कसल्याशा काड्यांच्या तुकड्यांची एक माळ होती व ती पोटापर्यंत लोंबत होती. त्याची आई बरोबर आली होती. ती म्हणाली, “मास्तर, घातली तेव्हां माळ गळ्याशीं होती. कावीळ जसजशी उतरत गेली, तसतशी माळ वाढत गेली.” मी कांहीं बोललों नाहीं. मुलगा बरा झाला होता, आईच्या चेहऱ्यावर समाधान होतें, आणि खरें सांगायचें तर त्या वेळीं माझ्यापाशीं उत्तरहि नव्हतें.

उत्तर पुढें मिळालें. माळेंतल्या काड्या ओल्या असतात व दोरा त्यांच्याभोंवतीं सैल फांसांनीं गुंडाळलेला असतो. काड्या वाळून आकसल्या कीं दोरा सुटूं लागतो आणि माळ लांबते. तीच माळ खुंटीला टांगली तरी ती तितकीच लांबेल. खुंटीला कांहीं कावीळ झालेली नसते. चुन्याच्या निवळींत रोग्याचे हात धुवून पाणी पिवळें करून दाखविणारेहि आपल्याकडे आहेत. हाताला आंब्याच्या सालीची पूड अगोदर लावलेली असली, तर निरोग्याच्या हातानेंहि तें पाणी पिवळें होतें.

परंतु एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. माळ खोटी असेल. मुलगा मात्र खरोखरच बरा झाला होता. तो कोणी बरा केला?

याचें उत्तर असें कीं तो ज्याचा त्यानें बरा झाला. पावसाळ्यांत दूषित पाण्यावाटे जी कावीळ पसरते, ती बहुतेक रोग्यांत कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते. यकृत हें मोठें चिवट इंद्रिय आहे. शस्त्रवैद्यांनीं त्याचा अर्ध्याहून अधिक भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढून तें पुन्हां पहिल्या आकाराच्या जवळपास येतें. तें स्वतः बरें होतें आणि श्रेय दुसऱ्याला देतें! म्हणूनच माळ घालणारा, डाग देणारा, नाकांत रस पिळणारा आणि पुडी बांधून देणारा वैद्य हे सर्व सारखेच यशस्वी ठरतात. ज्या थोड्यांचें यकृत बरें होत नाहीं, ते मात्र आपली हकीकत सांगावयास परत येत नाहींत.

तर मग ज्या वनस्पतीला आपले पूर्वज यकृताची रक्षक म्हणत आले, तिच्या अंगीं तो गुण खरोखर आहे कीं तीहि त्या माळेसारखीच आहे, हें ओळखावें कसें? या प्रश्नाचा पाठपुरावा आपल्या मुंबईंत कसा झाला, तें आज मला सांगावयाचें आहे.

आरंभ नांवें जुळविण्यापासून झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनीं १८७९ सालीं मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधींची सूचि प्रसिद्ध केली. पुढें १९२७ सालीं डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ मराठींत आला. कोणती मुळी कोणत्या झाडाची, तिचा उपयोग वैद्य कशावर करतात, हें या विद्वानांनीं मोठ्या कष्टानें लिहून ठेविलें. हा पाया आवश्यकच होता. तथापि ‘लोक अमुक रोगावर देतात’ हें एक वाक्य, आणि ‘अमुक रोगावर गुण येतो’ हें दुसरें. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारतां येत नाहीं. मध्यें परीक्षेची नदी आहे.

ती ओलांडतां येते हें मुंबईंतच एका वेगळ्या रोगाच्या बाबतींत सिद्ध झालें. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन, मोजमापें घेऊन, १९४९ सालीं आपला निबंध ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापला. त्या निबंधानें सर्पगंधेकडे सर्व जगाचें लक्ष वेधलें. परंतु रक्तदाब मोजण्यास पट्टा व पारा होता. यकृताचा बिघाड मोजावा कशानें?

येथें एका विषाचें चरित्र सांगितलें पाहिजे. कार्बन टेट्राक्लोराइड हा एक पाण्यासारखा स्वच्छ, गोडसर वासाचा द्रव. कपड्यांचे तेलकट डाग काढण्यास तो वापरीत, आग विझविण्याच्या नळकांड्यांत तो भरीत. १९२१ सालीं अमेरिकेंतील मॉरिस हॉल यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून तो आंतड्यांतील अंकुशकृमींवर रामबाण असल्याचें दाखविलें, आणि लौकरच देशोदेशींच्या हजारों माणसांना तो औषध म्हणून पाजण्यांत आला. कृमि मेले; पण कांहीं माणसेंहि यकृत सडून दगावलीं. औषध म्हणून त्याची कारकीर्द संपली, आणि प्रयोगशाळेंत दुसरी सुरू झाली. यकृताला हमखास, ठराविक प्रमाणांत व ठराविक जागीं इजा करणारें असें दुसरें सोयीचें साधन नव्हतें.

त्याची इजा करण्याची रीतहि मोठी विचित्र आहे. तो द्रव स्वतः फारसा दाहक नसतो. बाहेरून आलेल्या पदार्थांची विल्हेवाट लावणारीं जीं पाचकद्रव्यें यकृतांत असतात, तींच त्याचा एक क्लोरीन अणु तोडतात. उरलेला तुकडा अतिशय चंचल असतो व तो पेशींच्या स्निग्ध आवरणांवर तुटून पडतो. पेशी फुटतात, त्यांत चरबी साठते. म्हणजे यकृत आपल्याच चाकूनें आपला हात कापून घेतें.

पेशी फुटल्या हें यकृत न कापतां कळण्याची सोय १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं केली. फुटलेल्या पेशींतील कांहीं द्रव्यें रक्तांत सांडतात. तीं रक्ताच्या थेंबांत मोजतां येतात. आज आपल्या रक्तपरीक्षेच्या कागदावर एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. अशीं जीं अक्षरें दिसतात, तीं याचींच. विष मिळालें आणि फूटपट्टीहि मिळाली. १९६३ सालीं जोगळेकर, चितळे, बलवानी व करंदीकर या आपल्या संशोधकांनीं देशी औषधांमुळें कार्बन टेट्राक्लोराइडपासून यकृताचें रक्षण होतें काय, याविषयींचे निबंध कोपनहेगनहून निघणाऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

पुढें परळच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत, म्हणजे ज्याला आपण के.ई.एम. म्हणतों तेथें, हें काम नेटानें चाललें. १९८४ सालीं डॉ. रेगे, डॉ. शरदिनी डहाणूकर व डॉ. करंदीकर यांनीं गुळवेल आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यासंबंधींचा निबंध छापला. शरदिनीबाईंना आपल्यापैकीं पुष्कळजण ‘वृक्षगान’च्या लेखिका म्हणून ओळखतात. झाडांवर इतकें प्रेमानें लिहिणारी ही विदुषी झाडांच्या गुणांची परीक्षा मात्र प्रेमानें नव्हे, तर तराजूनें करीत असे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

असा प्रयोग साधारणतः कसा करतात? पांढऱ्या उंदरांचे सारखे गट पाडतात. एका गटाला कांहींच देत नाहींत. दुसऱ्याला केवळ विष देतात. तिसऱ्याला वनस्पतीचा अर्क व विष. चौथ्याला ज्याचा गुण पूर्वीं ठरलेला आहे असें औषध व विष. त्यासाठीं बहुधा युरोपांतील एका काटेरी झुडुपाच्या बियांपासून काढलेलें, सिलिमारिन नांवाचें द्रव्य घेतात. मग रक्त मोजतात आणि यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. सर्व गंमत त्या दुसऱ्या गटांत आहे. माळ घालणाराजवळ जें नसतें तें हेंच: औषध न मिळालेला, पण बाकी सर्व बाबतींत सारखा असा सोबती.

परंतु श्रोतेहो, या प्रयोगांत तीन खांचखळगे आहेत. पहिला असा कीं, विषाला धार आणणारीं द्रव्यें यकृताचींच असतात हें आपण पाहिलें. एखाद्या वनस्पतीनें केवळ तीं द्रव्यें मंदावलीं, तर उंदीर वांचतो. पण तें यकृताचें रक्षण नव्हे, त्या एका विषाची धार बोथट करणें होय. दुसऱ्या विषापुढें तीच वनस्पति निरुपयोगी ठरेल. दुसरा असा कीं, उंदराला औषध बहुधा विषाच्या अगोदर देतात. रोगी मात्र वैद्याकडे डोळे पिवळे झाल्यानंतर येतो. तिसरा तर उघडच आहे: उंदीर हा माणूस नव्हे. म्हणून उंदरांवरील यश हें परीक्षेस बसण्याची परवानगी होय, उत्तीर्ण झाल्याचा दाखला नव्हे.

खरी परीक्षा माणसांतच व्हावयाची, आणि तीहि मुंबईंत झाली. त्या हकीकतीचें सूत्र आमच्या उपनगरांतून जातें. गोरेगांवला १९६३ सालीं सिबा कंपनीचें संशोधनकेंद्र उघडलें. तेथें काम केलेले डॉ. अशोक वैद्य पुढें जुहूच्या भारतीय विद्या भवनाच्या आयुर्वेद संशोधनकेंद्रांत व नंतर पार्ल्याच्या संशोधनकेंद्रांत काम करीत राहिले. त्यांचें म्हणणें असें कीं, नवें रसायन प्रयोगशाळेंतून निघून रोग्यापर्यंत पोंचतें. पण शेंकडों वर्षें माणसांनीं घेतलेल्या वनस्पतीची वाट उलटी असावी. आधीं रोग्याच्या खाटेपाशीं नीट पाहावें व मग प्रयोगशाळेंत जाऊन कारण शोधावें.

आरोग्यवर्धिनी ही वैद्यांची कावीळीवरील जुनी गुटिका. तींत पारा, गंधक, लोह, ताम्र, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक इतकीं द्रव्यें पडतात, आणि या सर्वांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी कुटकी घालतात. अंतरकर, वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं तीव्र काविळीच्या रोग्यांवर हिची परीक्षा केली व १९८० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षा दुहेरी आंधळी होती. म्हणजे खरी गोळी कोणती व तशीच दिसणारी पोकळ गोळी कोणती, हें रोग्यासहि ठाऊक नव्हतें आणि तपासणाऱ्यासहि नव्हतें. आमच्या शाळाखात्यांत उत्तरपत्रिकेवर नांव न घालतां केवळ क्रमांक घालतात, त्यांतला हेतु तोच. परीक्षक प्रामाणिक नसतो म्हणून नव्हे, तर तो माणूस असतो म्हणून.

मग प्रश्न आला कीं त्या गुटिकेंतील काम करतें कोण? अर्धें वजन जिचें, त्या कुटकीवर साहजिकच संशय गेला. कुटकी, जिला कोणी केदारकडू म्हणतात, ती हिमालयांत उंचावर होणारी लहानशी वनस्पति. तिचें मूळ इतकें कडू कीं एकदां चाखलेला विसरत नाहीं. १९९६ सालीं मुंबईच्या वैद्यकीय नियतकालिकांत वैद्य, अंतरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा निबंध छापला. प्रथम कुटकींतील पिक्रोसाइड नांवाचीं दोन द्रव्यें प्रत्येक कॅपसूलमध्यें किती आहेत तें मोजलें. मग गॅलॅक्टोसामाइन नांवाच्या दुसऱ्या विषानें यकृत बिघडविलेल्या उंदरांवर तिचा गुण पाहिला. येथें कार्बन टेट्राक्लोराइडवर विसंबले नाहींत, हें ध्यानांत घ्यावें. शेवटीं तीव्र कावीळ झालेले, परंतु ‘ब’ प्रकारच्या विषाणूचें चिन्ह रक्तांत नसलेले असे रोगी घेतले. १५ जणांना कुटकीचें चूर्ण ३७५ मिलिग्रॅम दिवसांतून तीन वेळां दोन आठवडे दिलें. १८ जणांना तशीच दिसणारी पोकळ कॅपसूल दिली. रक्तांतील पिवळें द्रव्य २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास कुटकीच्या गटाला सरासरी २७.४४ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ७५.९ दिवस.

हे आंकडे आनंद देणारे आहेत. तथापि गणित शिकविलेल्या माणसाला १५ आणि १८ हे आंकडेहि दिसतात. तेहतीस रोग्यांवर मोठा मनोरा उभारूं नये. पोकळ कॅपसूल घेणारांनाहि अखेर आरामच पडत होता, हेंहि तेच आंकडे सांगतात. संशोधकांनीं स्वतः, हा गुण संभवनीय दिसतो, एवढेंच म्हटलें. जाहिरातदार त्यापुढें चार पावलें जातो.

पुनःपरीक्षेचें महत्त्व किती, तें भुईआवळीच्या कथेवरून कळेल. १९८८ सालीं मद्रासच्या संशोधकांनीं नोबेल पारितोषिक मिळविलेल्या ब्लुंबर्ग यांच्या सहकार्यानें लिहिलें कीं, ‘ब’ प्रकारच्या विषाणूचे जे वाहक होते, त्यांपैकीं भुईआवळी घेणाऱ्या शेंकडा ५९ जणांच्या रक्तांतून विषाणूचें चिन्ह गेलें. पोकळ कॅपसूल घेणाऱ्यांपैकीं केवळ ४ टक्क्यांचें गेलें. जगभर आशा उत्पन्न झाली. परंतु इतरत्र प्रयोग झाले तेव्हां तसें यश पुन्हां आलें नाहीं. कोणी खोटें बोललें असें मानण्याचें कारण नाहीं. एकदां आलेलें उत्तर पुन्हां आलें तरच तें उत्तर.

आतां गुळवेलीकडे परत येतों, कारण खरी कसोटी तेथें आहे. के.ई.एम.मध्यें गुळवेल उंदरांपुरती राहिली नाहीं. ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ या पुस्तकामुळें घरोघर ठाऊक झालेले शस्त्रवैद्य डॉ. रवी बापट हेहि या कामांत होते. पित्तमार्ग बंद होऊन कावीळ झालेल्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करावी, तर जंतुदोषानें पुष्कळजण दगावत. त्यांची प्रतिकारशक्तिच खालावलेली असे. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अशा ३० रोग्यांचे दोन गट केले होते. नेहमींच्या उपचारांबरोबर गुळवेल मिळालेल्या गटांत रक्तांत जंतुदोष कोणालाच झाला नाहीं. दुसऱ्या गटांत निम्म्यांना झाला. शस्त्रक्रियेनंतर वांचण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ९२.४, दुसऱ्यांत ४०. येथेंहि संख्या लहान होती; परंतु गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतविते, हें दिसून आलें.

२०२० सालीं साथ आली आणि ‘प्रतिकारशक्ति’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडीं झाला. गुळवेल घरोघर उकळूं लागली. त्याच वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत डॉ. आभा नागराळ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत यकृताला इजा झालेले असे सहा रोगी पाहिले, ज्यांनीं गुळवेल घेतली होती. त्याचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. चेतविलेली प्रतिकारशक्ति कांहीं माणसांत स्वतःच्याच यकृतावर उलटत असावी, असा त्यांचा तर्क होता. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें यास हरकत घेतली. रोग्यांनीं घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असूं शकेल, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें देशांतील १३ केंद्रांतून अशा ४३ रोग्यांची माहिती २०२२ सालीं प्रसिद्ध झाली.

या वादांत माझीहि एक लहानशी साक्ष आहे. आमच्या आवारांतील कडुलिंबावर एक वेल चढलेली आहे. तिचा काढा मीं त्या वर्षीं चार महिने रोज सकाळीं घेतला. मग भूक मेली, लघवी गडद झाली, आणि रक्त तपासलें तेव्हां एस.जी.पी.टी. कितीतरी पटींनीं वाढलेलें निघालें. डॉक्टरांनीं विचारलें, “मास्तर, औषधें कोणतीं चालू आहेत?” मीं सांगितलें, “औषध कोणतेंच नाहीं. नुसती गुळवेल घेतों.” तें वाक्य माझ्या तोंडून निघालें आणि माझें मलाच नवल वाटलें. जिला औषध म्हणून आपण इतका मान देतों, तिला अपाय करण्याच्या प्रसंगीं आपण औषधांत मोजतच नाहीं! काढा बंद केला. दोन महिन्यांनीं रक्त पूर्ववत् झालें.

आतां मीं असें म्हणावें काय कीं गुळवेलीनेंच मला कावीळ आणली? म्हणावेंसें वाटतें खरें. परंतु यकृत आपोआप बरें होतें हें मींच आरंभीं सांगितलें. इजा दुसऱ्या कशानें झाली असेल व काढा बंद करणें आणि बरें होणें हीं केवळ एकाच वेळीं घडलीं असतील. शिवाय ती वेल खरी गुळवेल आहे किंवा नाहीं, हें मीं कोणा जाणत्याला दाखविलेंहि नव्हतें. त्या मुलाच्या आईला जो न्याय, तोच मला. एकट्या माणसाचा अनुभव औषधाच्या बाजूनें असो वा विरुद्ध असो, तो संशयाला जागा देतो, निर्णय देत नाहीं. सहा रोगी झाले कीं संशय बळावतो, त्रेचाळीस झाले कीं सावधगिरी हें कर्तव्य होतें.

मग गुळवेल रक्षक कीं भक्षक? मला वाटतें, प्रश्नच असा विचारूं नये. के.ई.एम.मध्यें ती निवडलेल्या रोग्यांना, मोजलेल्या मात्रेंत, ठराविक दिवस, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दिली गेली. आमच्या घरीं ती कोणीहि, कितीहि, कितीहि दिवस, कोणालाहि न विचारतां घेत होता. वनस्पतीचें नांव तेंच. प्रयोग मात्र तो नव्हे. आणि ज्या वनस्पतीच्या अंगीं गुण करण्याइतकें बळ आहे, तिच्या अंगीं अवगुण करण्याइतकेंहि बळ असणारच. अपाय मुळींच न करणारी वस्तु बहुधा उपायहि करीत नाहीं.

तेव्हां घरांत कोणाचे डोळे पिवळे झाले तर आधीं रक्त तपासून कावीळ कोणती हें ठरवून घ्यावें. झांपड येऊं लागली, बोलण्यांत घोंटाळा होऊं लागला किंवा रक्तस्राव झाला, तर क्षणाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें. जो काढा, जें चूर्ण, जी गोळी आपण घेत असूं, ती डॉक्टरांना न लाजतां सांगावी. तीहि औषधच आहे. आणि कोणी म्हणालें कीं अमक्या मुळीनें शेंकडों बरे झाले, तर नम्रपणें एकच विचारावें: “ज्यांना ती मुळी दिली नाहीं, त्यांचें काय झालें?”

त्या मुलाच्या आईला मीं हा प्रश्न विचारला नाहीं याचें आज मला थोडें वाईट वाटतें. पुढच्या पावसाळ्यांत तिच्या शेजारणीनें आपल्या मुलीलाहि तशीच माळ घातल्याचें मला कळलें. ती मुलगी सुदैवानें बरी झाली. पण तें सुदैव होतें, माळ नव्हे. आणि हें मला ठाऊक झाल्यावरहि मीं त्या बाईला सांगितलें नव्हतें. आज सांगितलें.